जाड लिफाफ्याच्या आधीचे पत्र

अमेरिकेत महाविद्यालयीन प्रवेशाचा निकाल टपालाने घरी येई, त्या काळी तेथील घराघरांतून एक साधे शास्त्र रूढ झाले होते. लिफाफा जाड असेल तर आत प्रवेशाचे व वसतिगृहाचे कागद आहेत असे समजावे. पातळ असेल तर नकाराचा एकच कागद आहे, हे तो न फोडताच ओळखावे. हजारो कुटुंबे वसंत ऋतूतील त्या टपालाकडे डोळे लावून बसत. परंतु हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन या मातब्बर संस्थांकडे जाणाऱ्या काही थोड्या मुलांना अशी वाट पाहावी लागत नसे. त्यांना आपले भवितव्य हिवाळ्यातच कळलेले असे.

ही आगाऊ सूचना फार जुनी नाही. प्रवेश जोवर परीक्षेवर अवलंबून होता, तोवर तिची गरजच नव्हती. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ साली झाली आणि तीत २१ विद्यार्थी उत्तीर्ण झाले. त्यांत महादेव गोविंद रानडे होते. यादीत नाव आले की प्रश्न मिटला. अमेरिकेतही विसाव्या शतकाच्या आरंभी बव्हंशी हाच प्रकार होता. १९०० साली स्थापन झालेल्या ‘कॉलेज बोर्डा’ने १९०१ च्या जूनमध्ये पहिल्या सामाईक परीक्षा घेतल्या. त्यांतील लॅटिनसारखे विषय सर्वांच्या आवाक्यातले नव्हते हे खरे. पण जो उतरला त्याला सहसा अडवीत नसत.

अडवावेसे वाटू लागले ते पुढे. हार्वर्डमध्ये १९०० च्या सुमारास ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण शेकडा ७ होते, ते १९२२ पर्यंत शेकडा २१ च्या वर गेले. स्थलांतरितांची ही मुले परीक्षेत सरस ठरत होती, आणि परीक्षेला आडनाव कळत नाही. अध्यक्ष लोवेल यांनी १९२२ साली त्यांच्या संख्येवर उघड मर्यादा घालण्याचा विचार मांडला. तो प्राध्यापकांच्या समितीने मानला नाही. तेव्हा मागल्या दाराचा मार्ग काढण्यात आला. १९२६ पासून प्रवेशसंख्या १००० वर बांधली गेली, अर्जाबरोबर छायाचित्र मागितले जाऊ लागले आणि ‘चारित्र्य’ व ‘व्यक्तिमत्त्व’ यांना महत्त्व आले. हे शब्द ऐकायला सोज्वळ आहेत, पण त्यांचे मोजमाप निवड करणाऱ्याच्या मनातच राहते. विद्यार्थ्याला आपण कोठे आहोत हे स्वतःच्या गुणांवरून कळेनासे झाले, ते येथून. आणि जेथे निर्णय मनात असतो, तेथे तो कोणाला आधी सांगायचा हेही मनावरच जाते.

दुसऱ्या महायुद्धानंतर अर्जांचा पूर लोटला. १९४४ च्या कायद्याने युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा भार सरकारने उचलला होता; मागाहून सुबत्तेतली पिढी आली. एकेक विद्यार्थी चार-चार ठिकाणी अर्ज करू लागला, तेव्हा चिंता दोन्ही बाजूंना लागली. विद्यार्थ्याला नकाराची, तर संस्थेला हव्या असलेल्या विद्यार्थ्याने दुसरीकडे जाण्याची! यातून ‘ए-बी-सी’ पद्धत निघाली. हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन यांचे अधिकारी अँडोव्हर, एक्झेटर यांसारख्या खाजगी शाळांना भेट देत आणि तेथील उमेदवारांना तीन अक्षरांपैकी एक देत. ‘ए’ म्हणजे प्रवेश जवळजवळ निश्चित, ‘बी’ म्हणजे शक्यता आहे, ‘सी’ म्हणजे अन्यत्र पाहावे. ‘सी’ मिळालेला मुलगादेखील एका अर्थी भाग्यवानच म्हटला पाहिजे. त्याला सावध होण्यास अवधी मिळे. ज्या शाळेत असा अधिकारी कधी फिरकला नाही, तेथील हुशार मुलाला ही अक्षरे अस्तित्वात आहेत, हेदेखील ठाऊक नसे.

१९७० नंतरच्या दशकात ही अक्षरे मागे पडली आणि कोणालाही आगाऊ अर्ज करता येईल अशी व्यवस्था पुढे आली. काही संस्थांनी तर ‘आधी उत्तर देऊ, पण मग येथेच आले पाहिजे’ अशी अट घातली. ज्याला निरनिराळ्या ठिकाणच्या शिष्यवृत्त्या ताडून पाहायच्या असतात, त्याला ही अट कशी परवडावी? एव्हरी, फेअरबँक्स व झेकहाउझर यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आगाऊ अर्जाचा लाभ सॅट परीक्षेतील सुमारे १०० गुणांइतका असल्याचे दाखविले. हार्वर्डने २००६ साली हा प्रकार बंद करण्याचे जाहीर केले. प्रिन्स्टनने अनुकरण केले. मात्र इतरांनी तो चालूच ठेवला आणि २०११ साली दोघांनीही माघार घेतली.

कुजबुज मात्र थांबली नव्हती. तिला लेखी रूप आले होते. ‘आयव्ही लीग’च्या आठ संस्था खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. अन्य विद्यापीठे १९६४ पासून खेळाडूंकडून ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’ हा करार लिहून घेत, आणि २०२४ पर्यंत तो चालला; आयव्ही संस्था त्यातही नव्हत्या. मग चांगला खेळाडू त्यांच्यासाठी थांबणार कसा? यावर तोड म्हणून ‘लाइक्ली लेटर’ आले. निवडलेल्या खेळाडूला १ ऑक्टोबर ते १५ मार्च या काळात प्रवेश कार्यालय कळविते की, अभ्यास व वर्तन असेच राहिल्यास प्रवेश मिळेल. प्रशिक्षकाच्या तोंडी आश्वासनाला मोल नाही; सही प्रवेश कार्यालयाचीच लागते. पुढे काही संस्था असामान्य बुद्धीच्या इतर विद्यार्थ्यांनाही अशी पत्रे धाडू लागल्या. हे पत्र कोणी मागून मिळत नाही. ज्याला गमावण्याची भीती संस्थेला वाटते, त्यालाच ते जाते.

या पत्राने बांधली जाते ती संस्था; विद्यार्थी मोकळाच राहतो. त्याला १ मेपर्यंत अन्य ठिकाणांचा विचार करता येतो. अटीचा आगाऊ अर्ज करणारा मात्र उत्तर येण्यापूर्वीच स्वतःला बांधून घेतो.