पुतळा आणि आश्रय

देवरीकडे गाडी ओढावी बैलानें आणि दार राखावें कुत्र्यानें, ही जुनी रीत. अलास्काच्या हिमप्रदेशांत मात्र बर्फावरची घसरगाडी कुत्रेच ओढीत. १९२५ च्या जानेवारींत तेथील नोम गांवीं घटसर्पाची सांथ आली. तेव्हां वीस गाडीवान व सुमारें दीडशें कुत्रे यांनीं ६७४ मैलांची वाट साडेपांच दिवसांत कापून औषध पोंचविलें. अखेरच्या टप्प्याचा अग्रणी होता बाल्टो. त्याच वर्षीं न्यूयॉर्कांत त्याचा पुतळा उभा राहिला. पण खुद्द बाल्टो व त्याचे सहा सोबती लॉस एंजेलिसच्या एका खेळवाल्याकडे हालांत पडले. १९२७ सालीं क्लीव्हलंडचे व्यापारी जॉर्ज किम्बल यांनीं तें पाहिलें. दोन हजार डॉलरांची वर्गणी जमली. शाळकरी मुलांनींहि आपले पैसे दिले. सातहि कुत्रे क्लीव्हलंडास आले. १९३३ सालीं बाल्टो तेथेंच निवर्तला.

पुढें यंत्रगाड्या आल्या आणि कुत्र्यांचें हें काम बव्हंशीं सरलें. आतां थंड देशांतील कांहीं कुटुंबें निराधार कुत्रीं घरीं आणून पाळतात व सुटीच्या दिवशीं हौसेनें तींच गाडीला जुंपतात. उपकाराची फेड पुतळ्यानें होत नाहीं, आश्रयानें होते. दार राखतां राखतां म्हातारा झालेला देवरीचा कुत्रा तेवढेंच मागतो.