फटफटीचं दुखणं

मराठीनं मोटारसायकलीचं नाव तिच्या आवाजावरूनच ठेवलं, फटफटी. पण जुनी फटफटी एकाच आवाजात बोलत नाही. त्यातला कुठला आवाज जन्माचा आणि कुठला दुखण्याचा, हे कळायला तिचा इतिहास ठाऊक हवा.

बुलेटचंच घ्या. १९५४ साली भारत सरकारनं सैन्यासाठी इंग्लंडच्या रॉयल एनफिल्डकडे ३५० सीसीच्या ८०० बुलेट मागवल्या. १९५५ मध्ये मद्रास मोटर्सच्या भागीदारीत एनफिल्ड इंडिया उभी राहिली. आधी रेडिचहून आलेले सुटे भाग मद्रासला जोडत, मग भागही इथंच होऊ लागले. पुढं रेडिचचा कारखाना बंद पडला, तरी मद्रासनं तेच जुनं इंजिन कितीतरी वर्षं चालू ठेवलं. एकच सिलिंडर, आतून ७० मिलिमीटर रुंद, आणि पिस्टनची धाव ९० मिलिमीटर. वाऱ्यानं थंड होणारं इंजिन; आवाज गिळायला भोवती पाण्याचं कवच नाही. पिस्टन तापला की फुगतो, म्हणून थंडपणी त्याला जागा सोडलेली. सकाळची ती टपटप त्या जागेची. इंजिन तापल्यावर ती गेली, तर घाबरायचं कारण नाही.

आमच्या बेळगावच्या घरी मामंजींची १९७६ची बुलेट आहे. एकदा तिला खडखड लागली. एका गॅरेजवाल्यानं ऐकून सांगितलं, क्रँक गेला, इंजिन खोलावं लागणार. खर्चाचं सोडा, एकदा इंजिन खोललं की चांगले मूळ भागसुद्धा बदलले जातात, आणि तसे परत मिळत नाहीत. ‘त्यापेक्षा विकून टाकू,’ इथवर घरात बोलणं गेलं.

गल्लीतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी गाडीला हात न लावता आधी विचारलं, ‘वहिनी, आवाज केव्हा येतो?’ मी म्हटलं, ‘मी मागं बसले की!’ सगळे हसले, ते हसले नाहीत. त्यांनी गाडी स्टँडवर लावून इंजिन वाढवलं. खडखड नाही. मग मला बसवून गल्लीच्या टोकापर्यंत गाडी नेली. खडखड हजर! ‘इंजिनाला काय कळतंय मागं कोण बसलंय ते? मागचं बघा.’ चेनकव्हरचा मागचा बोल्ट सैल होता. वजन पडलं, खड्डा लागला, की पत्रा चेनला घासायचा. एक पाना, दोन मिनिटं.

त्यांची रीत अशी: बाहेरून आत जायचं, स्वस्तातून महागात. आधी टूलबॉक्स, मडगार्ड, सायलेन्सर हातानं हलवून बघायचे. मग चेन. मग टॅपेट: इंजिन थंड असताना पुशरॉड बोटांनी फिरायला हवा, पण वरखाली हलता कामा नये. त्यानंतर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर, मूठ कानाशी; ठोका कुठं मोठा होतो ते ऐकायचं. चढावर, ओझ्याखाली खोलवरून ठोकठोक आली तर मात्र गाडी तिथंच थांबवायची. तो कनेक्टिंग रॉडचा बेअरिंग असू शकतो आणि त्याला उद्या चालत नाही.

बायकांनो, कुकरच्या शिट्टीवरून रबर गेलंय हे आपण ओळखतोच की. तेच कान इथंही चालतात. घरात जुनी गाडी असेल तर आवाज केव्हा येतो, केव्हा थांबतो, ते एका वहीत लिहून ठेवा. मिस्त्रीकडं जाताना गाडीबरोबर ती वहीही न्या.