शर्यतीच्या मोटारीचें दार

घरीं नवी मोटार आली म्हणजे पाहुणे तिच्याभोवतीं एक प्रदक्षिणा घालतात. मग कोणी तरी वडीलधारे गृहस्थ पुढें होऊन तिचें दार उघडतात व पुन्हां लावून पाहतात. दार लागतांना भरींव, जड आवाज आला तर 'गाडी मजबूत दिसते' असा अभिप्राय मिळतो. पत्र्याच्या डब्याच्या झांकणासारखा आवाज आला तर मंडळी कांहीं न बोलतां चहाकडे वळतात. इंजिनाची परीक्षा करण्याचें ज्ञान आपणांपैकीं थोड्यांनाच असतें, पण दाराची परीक्षा सर्वांना येते. आज ज्या मोटारींविषयीं मी बोलणार आहें, त्या या परीक्षेंत एकजात नापास होतील. त्यांच्या कर्त्यांनीं दाराचें वजन उतरविण्यासाठीं कित्येक दशकें खटपट केली. तसें करतांना दारांतून काय काय काढून टाकलें गेलें, आणि त्याची किंमत कोणीं दिली, हा आजचा विषय.

दार म्हणजे केवळ एक वांकविलेला पत्रा नव्हे. बाहेरच्या पत्र्याच्या आंत एक चौकट असते; त्या दोहोंच्या पोकळींत जाड कांच उतरते; ती वरखालीं करण्यासाठीं दांतेरी चाकें, दांडे आणि फिरविण्याची मूठ लागते. शिवाय कुलूप, बिजागऱ्या, कोपर टेकण्याची बैठक, पावसाचें पाणी अडविणारी रबरी पट्टी, आणि या सर्वांवर शोभेचें अस्तर. हा सारा प्रपंच एका कडेला दोन बिजागऱ्यांवर लोंबत असतो. म्हणूनच जुन्या मोटारीचें दार कालांतरानें खालीं बसतें व किंचित् उचलून लावावें लागतें. उलट, मोटारीचा भार पेलण्याच्या कामीं दाराचा उपयोग फारसा नाहीं. तो भार तळ, उंबरे, खांब आणि छप्पर यांवर असतो. थोडे बोल्ट सोडले कीं दार वेगळें होतें आणि सांगाड्याला त्याची दादहि नसते. वजन कमी करूं पाहणाऱ्याची नजर प्रथम दारावर जाते ती यामुळें.

आपल्या इतिहासांत 'सडी फौज' हा शब्द येतो. सामानसुमान आणि बुणगे मागें ठेवून निघालेली ती सडी स्वारी. बुणग्यांचें लटांबर बरोबर नेल्यानें १७६१ सालीं पानिपतावर काय अडचण झाली, हें आपणांस सांगावयास नको. शर्यतीच्या मोटारीचा कर्ता हा असाच सडा स्वार. दोन मोटारींच्या इंजिनांची शक्ति सारखी असेल तर हलकी मोटार लवकर वेग घेते, लवकर थांबते आणि वळणावर कमी रेटली जाते. पण दारांतील कोणती वस्तु बुणगा आणि कोणती शिपाई, हें ठरवावयाचें कसें? सारा घोळ येथेंच आहे.

आरंभींच्या शर्यतींच्या मोटारींना बहुधा दारच नसे. चालक बाजूवरून पाय टाकून आंत उतरे. पुढें दार आलें तेंहि अर्धेंमुर्धें. इंग्लंडांतील एम्. जी. कारखान्याच्या टी. सी. या १९४५ सालच्या मोटारीचें दार चालकाचें कोपर बाहेर राहील अशा बेतानें वरून खोल कापलेलें आहे. १९२० नंतरच्या दशकांत वेमन या वैमानिकानें लांकडी चौकटीवर कापड ताणून मोटारीचें सारें अंग, दारांसकट, हलकें करून दाखविलें. १९३६ च्या सुमारास मिलान शहरांतील टूरिंग या गाडीबांधणीच्या कारखान्यानें बारीक पोलादी नळ्यांच्या पिंजऱ्यावर अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा चढविण्याची पद्धत काढली व तिला 'सुपरलेजेरा', म्हणजे 'अतिशय हलकें', असें नांव दिलें. अॅल्युमिनियम वजनानें पोलादाच्या सुमारें एक-तृतीयांश. परंतु त्याचा ताठपणाहि तितक्याच मानानें कमी. म्हणून पत्रा थोडा जाड घ्यावा लागतो, आणि प्रत्यक्ष बचत निम्म्याच्या आसपास येऊन थांबते.

१९४८ सालच्या लंडनच्या प्रदर्शनांत जॅग्वार कारखान्यानें आपली एक्स्-के १२० ही मोटार मांडली. पहिल्या सुमारें २४० गाड्या लांकडी चौकटीवर अॅल्युमिनियमचा पत्रा ठोकून हातानें बनविल्या गेल्या. मागणी वाढली तेव्हां १९५० सालीं यंत्रावर दाबलेलें पोलादी शरीर आलें. पण दारें आणि पुढचें-मागचें झांकण हीं अॅल्युमिनियमचींच राहिलीं. या उघड्या मोटारीच्या दाराला बाहेरून मूठच नव्हती! आंत हात घालून एक दोरी ओढावयाची, कीं दार उघडे. ही दोरी लक्षांत ठेवावी. ती पुन्हां भेटणार आहे.

आतां ज्या दाराची जगांत सर्वांत अधिक छायाचित्रें निघालीं असावींत, त्याकडे वळूं. १९५२ सालीं मर्सिडीज-बेंझ कारखाना युद्धानंतर पुन्हां मोठ्या शर्यतींत उतरला. शर्यतीसाठीं वेगळें इंजिन हातीं नव्हतें; ३०० या मोठ्या प्रवासी मोटारीचें वजनदार इंजिन घेऊनच काम भागवावयाचें होतें. तेव्हां रुडोल्फ ऊलेनहाउट या एंजिनिअरनें वजनाची भरपाई सांगाड्यांत केली. बारीक पोलादी नळ्या त्रिकोणांत्रिकोणांनीं जोडून त्यानें एक पिंजरा केला. त्याचें वजन अवघें सुमारें ५० किलो. परंतु असा पिंजरा ताठ राहावयाचा तर त्याच्या बाजू उंच हव्यात. आणि मोटारीच्या बाजूला तर दार असतें. नळ्या कापाव्यात तर पिंजरा मोडतो. कापून पुन्हां बळकट करावा तर वांचविलेलें वजन परत येतें. ऊलेनहाउटनें नळ्यांना हात लावला नाहीं. त्यानें दारच वर नेलें. कांच आणि छपराचा एक तुकडा मिळून एक झडप केली आणि तिच्या बिजागऱ्या छपराच्या मध्यभागीं बसविल्या. माळ्यावरच्या झडपेंतून उतरावें तसा चालक मोटारींत उतरूं लागला.

त्या वर्षीं मे महिन्यांत इटलींतील मिल्ले मिल्या शर्यतींत ही मोटार आली, तेव्हां दाराविषयीं आक्षेप निघालाच. पण दार कोणत्या दिशेनें उघडावें हें नियमांत कोठें लिहिलेलें नव्हतें. पुढें जूनमधील ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीसाठीं दार खालीं बाजूंत वाढवून आंतबाहेर करणें सोपें केलें, आणि हेर्मान लांग व फ्रिट्स रीस यांनीं ती शर्यत जिंकली. नोव्हेंबरांत मेक्सिकोंतील लांबलचक शर्यतहि याच जातीच्या मोटारीनें मारली.

येथें एक बारकावा आहे, आणि मला तो फार आवडतो. बाजूला लावलेलें दार जड असलें तर त्याचा भार बिजागरी सोसते. माणसाला तें नुसतें ढकलावयाचें असतें. वर उघडणारें दार मात्र प्रत्येक वेळीं माणसानें उचलावयाचें. म्हणजे हें दार हलकें असणें ही चैन नसून गरज झाली. फेब्रुवारी १९५४ मध्यें न्यूयॉर्कच्या प्रदर्शनांत या मोटारीची विक्रीची आवृत्ति, ३०० एस्. एल्., लोकांपुढें आली तेव्हां शरीर बहुतांशीं पोलादाचें असलें तरी दारें अॅल्युमिनियमचीं होतीं, आणि तीं वर तोलून धरण्यास स्प्रिंगांचे दांडे दिले होते. कांच खालीं उतरविण्याची सोय मात्र नव्हती. ती आख्खी काढून बाजूला ठेवावी लागे. उन्हाळ्यांत आंत बसणाऱ्याचें काय होत असेल तें ज्याचें त्यानें ओळखावें. अशा १,४०० मोटारी झाल्या. पैकीं २९ संपूर्ण अॅल्युमिनियमच्या. १९५७ सालीं कारखान्यानें उघडी आवृत्ति काढली. तिच्यासाठीं पिंजऱ्याच्या बाजू खालीं घेतल्या, बाजूला उघडणारें साधें दार आणि खालींवर होणारी कांच दिली. आणि अर्थात् वजन वाढलें. लोक मात्र सुखानें आंतबाहेर करूं लागले.

दाराच्या कथेचा दुसरा अंक स्टुटगार्टमध्येंच, पण दुसऱ्या कारखान्यांत घडला. पोर्शची ९११ ही मोटार हजारांहून अधिक किलो वजनाची. १९६७ सालीं फर्डिनंड पीएख याच्या देखरेखीखालीं तिची शर्यतीची आवृत्ति तयार झाली. नांव ९११ आर. तिची दारें पोलादाचीं नव्हेत, अॅल्युमिनियमचींहि नव्हेत. कांचतंतु घातलेल्या प्लॅस्टिकचीं होतीं. खिडकींत कांचेऐवजीं पारदर्शक प्लॅस्टिक; त्याचें वजन कांचेच्या निम्म्याहून कमी. मोटार ८०० किलोंवर आली. त्याच वर्षीं मोंझाच्या मार्गावर अशा एका मोटारीनें जवळजवळ ९६ तासांत २०,००० किलोमीटर अंतर ताशीं सरासरी २०९ किलोमीटरांच्या वेगानें काटलें. पण प्राथमिक नमुने सोडले तर अशा मोटारी झाल्या अवघ्या २०.

ऑक्टोबर १९७२ मध्यें पॅरिसला मांडलेली कारेरा आर. एस. हें याहून शहाणपणाचें, आणि म्हणून अधिक बोधप्रद प्रकरण. शर्यतीच्या नियमांप्रमाणें तिच्या ५०० प्रती विकल्या जाणें अवश्य होतें. तिचा पत्रा पातळ, कांच पातळ, आणि हलक्या आवृत्तीचें दार आंतून सपाट, उघडेंबोडकें. कोपराची बैठक गेली. आणि कडी उघडण्यास काय, तर एक पट्टा! जॅग्वारची दोरी अशी वीस-बावीस वर्षांनीं परत आली. या हलक्या आवृत्तीचें वजन ९६० किलो. जिला दाराचें अस्तर, बैठक व इतर सुखसोयी परत दिल्या होत्या, त्या प्रवासी आवृत्तीचें १,०७५ किलो. इंजिन दोहोंचें तेंच. आतां गिऱ्हाइकांचा कौल पाहा. एकूण १,५८० मोटारी तयार झाल्या. पैकीं हलक्या आवृत्तीच्या २००, आणि सुखसोयींच्या १,३०८. उरलेल्या शर्यतीसाठीं व नियमांच्या पूर्ततेसाठीं. कारखान्यानें खटपट करून दारांतून जें काढलें, तें बहुतेकांनीं अधिक पैसे मोजून परत बसवून घेतलें! सडी फौज सर्वांना आवडते, ती चित्रांत.

आणि याच हिवाळ्यांत अटलांटिकच्या पलीकडे नेमकी उलट गोष्ट घडत होती. १ जानेवारी १९७३ पासून अमेरिकेंत नियम लागू झाला कीं, प्रवासी मोटारीच्या दारानें बाजूनें येणारा ठराविक दाब सोसलाच पाहिजे. त्यासाठीं कारखान्यांनीं दाराच्या पोकळींत आडवी पोलादी तुळई बसविली. मोटार समोरून आदळली तर माणसाच्या पुढें दोन-तीन हात लांबीचें झांकण, इंजिन अथवा सामानाचा कप्पा चेंगरावयास असतो. बाजूनें आदळली तर त्याच्या खांद्यामध्यें आणि येणाऱ्या मोटारीमध्यें एक वीतभर जागा. आणि त्या विती-भर जागेंत दार. इतकीं वर्षें ज्याला बुणगा म्हणून वाटेस लावलें, त्याला त्या तारखेपासून शिपायाची नेमणूक मिळाली.

शर्यतीच्या मोटारींत हा शिपाई दारांत नसला तरी दुसरीकडे उभा असतो. आंत जाड नळ्यांचा पिंजरा असतो आणि त्याच्या नळ्या चालकाच्या बरगड्यांपाशीं आडव्या जातात. मग बाहेरचें दार कागदाचें असलें तरी चालतें. परंतु आज जुन्या मोटारी बाळगणारे कित्येक हौशी लोक मूळ पोलादी दारें उतरवून कांचतंतूंचीं बसवितात, किंवा आंतील तुळई कापून काढतात, आणि पिंजरा न बसवितां तीच मोटार रोजच्या रहदारींत नेतात. मला हें धाडस पटत नाहीं. हिशेबानेंहि तें तोट्याचें आहे. कारण दाराचें वजन मोटारीच्या मधोमध असतें. तेथले दहा किलो कमी करण्यापेक्षां अगदीं टोंकाला लोंबणारे दहा किलो उतरविले तर वळणावर मोटार अधिक चपळाईनें फिरते. शिवाय अंगावर बसणाऱ्या मोटारींच्या दारांना वर सहप्रवाशाचाहि जीव टेकलेला असतो, आणि त्याला हा हिशेब कोणी विचारलेला नसतो.

दुसरें नुकसान इतिहासाचें. हातानें बांधलेल्या मोटारींत प्रत्येक दार त्याच गाडीच्या चौकटीशीं ठोकून, घासून बसविलेलें असे. एका गाडीचें दार दुसरीला सहसा नीट लागत नाहीं. उतरविलेलें दार अडगळींत गंजून गेलें कीं पुढच्या मालकाला तें कोठूनहि मिळत नाहीं. उलट बाजूनें कारेरा आर. एस.चे तोतये निघाले आहेत. साध्या ९११च्या दाराचें अस्तर फाडावयाचें, सपाट पाटी ठोकावयाची, पट्टा बांधावयाचा, कीं झाले भाऊसाहेब तयार! जाणकार मग तळाशीं कोरलेला क्रमांक पाहून तोतया ओळखतात.

पट्टा मात्र अजून गेलेला नाहीं. १९८७ सालच्या फेरारी एफ-४० च्या दारांत तो साध्या दोरीच्या रूपानें होता. पोर्शच्या अलीकडील जी. टी. ३ आर. एस. या मोटारीच्या दारांतहि कडी उघडण्यास कापडी पट्टा दिलेला असतो. आणि त्याच दाराच्या पोकळींत, पट्ट्यापासून थोड्याच अंतरावर, कांच वरखालीं करणारी विजेची मोटर बसविलेली असते.