खो-खोचा इतिहास आणि माझी रद्दीत गेलेली वही

आजचा एपिसोड खो-खोवर. आधीच सांगतो, मी कधीच टीममध्ये नव्हतो. मी बघ्या.

कुंभार पिंपळगावात अकरावी-बारावीला होतो तेव्हा क्लास सुटला की मैदानावर जायचो. तिथे सीनियर कॉलेजची टीम सराव करायची. मी रोज येतोय हे बघून एका दादाने हातात वही दिली. "नुसता काय बसतो, टाइम लाव." झालं, मोबाइलवर स्टॉपवॉच लावायचं आणि कोण किती वेळ टिकला ते लिहायचं, हे माझं काम.

कडेला बसलं की खेळ नीट दिसतो. आठ जण रांगेत बसलेले, एकाआड एक उलट तोंडं करून. नववा पाठलाग करतो. त्याला मागे वळता येत नाही, मधली रेषा ओलांडता येत नाही. दिशा बदलायची तर खांब गाठायचा. पळणारा मात्र कुठूनही सटकतो. म्हणून खो द्यायचा, तोही पाठीमागून. बसलेल्याला खो देणारा दिसतच नाही. आवाज आला, पाठीवर थाप पडली की उठून पळायचं. आमच्याकडे दोघांचं वर्षभर बोलणं बंद होतं, पण खो कधी चुकला नाही.

आता इतिहास. खेळ जुना, पण लेखी नियम ठरले १९१४ मध्ये, पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर. १९२४ मध्ये बडोद्याच्या जिमखान्याने नियमांचं पुस्तक काढलं. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळ दाखवून आलं. १९५९-६० मध्ये विजयवाड्याला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली.

यात आपला मराठवाडा कुठंय? नियम लिहिले जात होते तेव्हा आपण निजामाच्या राज्यात. १७ सप्टेंबर १९४८ ला सुटलो. औरंगाबादला विद्यापीठ आलं १९५८ मध्ये, त्याआधी कॉलेजं हैदराबादच्या उस्मानियाला जोडलेली. जालना जिल्हा तर १९८१ चा. मला वाटतं, जिथे जिमखाना होता, कमिटी होती, छापखाना होता, तिथला इतिहास उरला. बाकीचे नुसतेच खेळले.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला. मातीवर नाही, मॅटवर. फायनलमध्ये आपल्या दोन्ही टीमनी नेपाळला हरवलं. मुलींनी तर ७८-४० असं. त्यांची कॅप्टन प्रियांका इंगळे, मूळची आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातली.

त्या रात्री दादाचा फोन आला. आता तो कारखान्यावर ट्रॅक्टर चालवतो. म्हणाला, "पोरीला सांगितलं, मी एका डावात तीन मिनिटं सापडलो नव्हतो. तिला खरं वाटंना. तुझी ती वही हाये का रे अजून?"

वही नव्हती. मी इंजिनिअरिंगला गेल्यावर बारावीच्या पुस्तकांबरोबर ती रद्दीत गेली. घरच्यांना काय बोलणार? वहीवर मीच 'रफ' असं लिहिलं होतं.

पुढच्या सुट्टीत गावी गेलो. दादाला समोर बसवून तासभर रेकॉर्ड केलं. टीममधल्या बाराही जणांची नावं, कुठला सामना कुठे झाला, कोण कोणाच्या चपला घालून गेला, सगळं त्याने सांगितलं. वेळ मात्र मला पाठ होती: ३ मिनिटं १० सेकंद. पोरगी शेजारीच बसली होती. तिने मला विचारलं, "काका, तुम्ही खरंच बघितलं?"

म्हटलं, "मीच लिहिलं होतं."

तर मंडळी, तुमच्या गावातही असा जुना खेळाडू असेल. फोन काढा, रेकॉर्डिंग चालू करा, आणि नाव, गाव, साल आधी विचारा. फाइलला 'रफ' असं नाव तेवढं देऊ नका. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!