चरीचा संप : कष्टकऱ्यांचे स्वावलंबन

चौलात पूर्वी ३६० देवळे व ३६० तळी होती, असे जुनी माणसे सांगत. आकड्याविषयी कोणास शंका असो. देऊळ जितके देणगीदाराच्या पैशावर, तितकेच पाथरवट-गवंड्यांच्या हातांवर उभे राहते, याविषयी नसावी. जीर्णोद्धाराच्या या प्रसंगी याच अलिबाग तालुक्यातील कष्टकऱ्यांच्या एका लढ्याचे स्मरण उचित ठरेल.

खारेपाटातील भातशेती म्हणजे खाडीशी झुंज. उधाणाने एकदा बांध फुटला की खारे पाणी शेतात शिरून पुढील पिकांचीही नासाडी होते. म्हणून कुळे चिखलाचे बांध अंगमेहनतीने राखीत. पण सुगी झाली की खळ्यावरच खोताचा वाटा निघे. त्यावर निरनिराळ्या बाबी, शिवाय वेठ. सगळेच खोत जुलमी होते असे नव्हे. अडल्या वेळी पावसाळ्यात खावटीचे भात देणारेही होते. मात्र ते भात सुगीत वाढीसह परत जाई, आणि कूळ पुन्हा रिकाम्या हाताने त्याच दारी उभे राही. अशा मदतीने भूक एका पावसाळ्यापुरती भागे. कर्ज मात्र राही.

२७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांची सभा भरली, आणि खोतांची जमीन न कसण्याचे ठरले. २५ गावे संपात उतरली. शेते ओसाड पडली. खावटीचा आधारही तुटला. तरी माणसे डगमगली नाहीत. डोंगरातील लाकूडफाटा विकावा, खाडीत मासळी-चिंबोऱ्या धराव्या, मिळेल तेथे मजुरी करावी, असे दिवस काढले. एक-दोन हंगाम नव्हे, १९३९ पर्यंत! घरात पोरे उपाशी असताना समोरची जमीन पडीक ठेवणे शेतकऱ्याच्या जिवाला किती लागले असेल, हे शेतकऱ्यासच कळेल.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी संपास पाठिंबा दिला, व १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९३९ साली संप मिटला. त्याच साली कुळांना संरक्षण देणारा कायदा झाला. पुढे १९४८ चा कूळकायदा आला, १९४९ मध्ये खोती रद्द करणारा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणारी कुळे जमिनीची मालक मानली गेली. तीही फुकट नव्हे. ठरवून दिलेली किंमत त्यांनी हप्त्याहप्त्याने सरकारात भरावयाची होती.