चांदीची जुनी भांडी, नाणी व शोभेच्या वस्तू (थळ–अलिबाग किनारा)

रायगड जिल्ह्याच्या अलिबाग तालुक्यातील थळ व त्याच्या दोन्ही अंगांचा, मांडव्यापासून चौल–रेवदंड्यापर्यंतचा किनारा, येथील घरांतून, देव्हाऱ्यांतून व सराफी दुकानांतून मिळणाऱ्या जुन्या चांदीच्या वस्तू, चलनी व स्मारक नाणी आणि शोभेच्या वस्तू यांचा छंद म्हणून अथवा अभ्यासासाठी केलेला संग्रह. या किनाऱ्यावर चांदी ही आधी पुंजी होती, वस्तू नंतर. होडी डागडुजीला आली, लग्न निघाले किंवा पीक बुडाले की घरातला डाग सोनाराकडे मोड म्हणून जाई आणि बरे दिवस आले की त्याच चांदीचा नवा डाग घडे. घडणावळ वाया जाई, वजन टिके. येथे जुने म्हणून जे हाती लागते ते बहुधा मुशीतून निसटलेले असते. ते का निसटले, हे कळल्याशिवाय संग्राहकाला त्याची किंमत कळत नाही.

चांदी छापावर न जाता वजनावर व कसावर घेण्याची येथील सवय जुनी आहे. चौल व दाभोळ या बंदरांत सोळाव्या–सतराव्या शतकांत इराणकडून आलेली ‘लारी’ चाले. चांदीची तार दुमडून तिच्यावर ठसा मारलेले हे नाणे सुमारे पाच ग्रॅमचे. विजापूरच्या दुसऱ्या अली आदिलशहाने स्वतःच्या नावानेही लारी पाडली. संग्रहातील बऱ्याच लाऱ्यांवर तारेच्या रुंदीपुरतीच अक्षरे उमटलेली असतात, त्यामुळे त्या वाचण्यापेक्षा ताडून पाहाव्या लागतात. पलीकडे मुंबईत गव्हर्नर जेरल्ड ऑन्जिअर याच्या काळात, १६७२ च्या सुमारास, इंग्रजांची टांकसाळ सुरू झाली. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेकासाठी आलेला वकील हेन्री ऑक्झिंडन याने तहात असे कलम मागितले की, इंग्रजांचे नाणे मराठी मुलखात चालावे. शिवाजी महाराजांनी बाकीची बहुतेक कलमे मान्य केली, पण हे केले नाही. नाणे वजनाला व कसाला खरे असेल तर ते आपोआप चालेल, रयतेवर सक्ती करणार नाही, असा त्या उत्तराचा आशय होता. नाणेसंग्राहकाने हा प्रसंग ध्यानात ठेवावा, कारण या मुलखातल्या नाण्यांवर पुढे जे जे घडले त्याचे मूळ याच दृष्टीत आहे. पाचच वर्षांनी, १६७९ मध्ये, थळच्या किनाऱ्यावरून खांदेरी बेटावर किल्ला बांधण्यासाठी माणसे व सामान जाऊ लागले आणि तेच इंग्रज ते अडवायला गलबते घेऊन आले. 

मराठा आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे (मृत्यू १७२९) यांच्या घराण्याने पाडलेला चांदीचा ‘अलिबागी रुपया’ हा या किनाऱ्यावरच्या संग्राहकाचा मानबिंदू होय. पेशवाईत एकाच वेळी अनेक टांकसाळींचे रुपये फिरत. अंकुशी, चांदवडी, सुरती अशी त्यांची नावे आणि प्रत्येकाचा बट्टा वेगळा. बट्टा ठरवणारा सराफ नाण्यावर लहानसा छाप मारून किंवा कडेला छिन्नीची खूण करून आतली चांदी तपासत असे. परदेशी लिलावांत अशा खुणांमुळे नाण्याची प्रत उतरते. मराठी मुलखातल्या रुपयापुरता हा निकष चुकीचा वाटतो. चार सराफांच्या खुणा अंगावर असलेला रुपया चार बाजार हिंडून आलेला असतो, आणि गुळगुळीत, कोरा करकरीत अलिबागी रुपया समोर आला तर आनंदाआधी शंका यावी. १८३५ पासून कंपनी सरकारने एकाच वजनाचा रुपया सुरू केला. १८४० मध्ये आंग्र्यांचे कुलाबा संस्थान खालसा झाले आणि स्थानिक रुपये हळूहळू मुशीत गेले. तांब्याची शिवराई मात्र पुष्कळ उरली. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ असलेले हे नाणे शिवकाळानंतरही दीर्घकाळ पाडले जात होते, म्हणून हाती आलेली प्रत्येक शिवराई महाराजांच्या काळची समजू नये. दुदांडी (दोन दांड्यांचा) प्रकार तर बऱ्याच नंतरचा.

घरोघरी सापडतो तो राणीछाप व राजाछाप रुपया. १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, वजनाचा आणि ९१.७ टक्के चांदीचा हा रुपया म्हणजेच एक तोळा. असे ८० रुपये तराजूत टाकले की शेर होई. पैसा व वजन दोन्ही तोच असल्याने तो डब्यात राखला गेला. १९४० मध्ये चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया निकेलचा निघाला, तेव्हा जुने रुपये लोकांनी आणखी घट्ट धरून ठेवले. यांतले दोन प्रकार जवळून पाहण्यासारखे आहेत. १८६२ साल असलेले राणीछाप रुपये प्रत्यक्षात १८७४ पर्यंत पाडले गेले, साल मात्र बदलले नाही. मुंबई टांकसाळीने वर्ष ओळखण्यासाठी सालाजवळ बारीक ठिपके घातले, आणि भिंग घेऊन ते मोजणे हा राणीछाप जमवणाऱ्याचा आवडता उद्योग आहे. दुसरा १९११ चा, पाचव्या जॉर्जचा. राजाच्या झग्यावरील हत्ती इतका आखूड सोंडेचा उतरला की लोकांना ते डुक्कर वाटले. ओरड झाली, नाणी परत घेऊन वितळवली गेली आणि १९१२ मध्ये हत्तीची सोंड नीट काढण्यात आली. ‘डुकरछाप’ म्हणून तो रुपया आजही चढ्या भावाने जातो.

भांड्यांमध्ये पूजेची उपकरणे सर्वांत अधिक टिकली. ताम्हण, पळी–पंचपात्र, निरांजन, तबक, कुंकवाचा करंडा, अत्तरदाणी, गुलाबदाणी, पानाचा डबा ही नित्याची यादी. खालोखाल प्रसंगाने आलेल्या वस्तू : बारशाचे वाळे, उष्टावणाची वाटी, अधिक महिन्यात जावयाला दिलेले ताट किंवा निरांजन, सहस्रचंद्रदर्शनाचा तांब्या. या वस्तू मोडायला मन होत नसे, म्हणून त्या राहिल्या. इंग्लंडच्या चांदीवर सिंह, नांगर, वर्षाचे अक्षर अशा शासकीय मुद्रा असतात आणि त्यांवरून गाव व साल निघते. आपल्याकडच्या जुन्या चांदीवर घडवणाऱ्याचे नाव क्वचितच असते. भुजच्या ओमरसी मावजी यांच्यासारखा स्वतःची मुद्रा ठोकणारा कारागीर हा अपवाद. पण मराठी घरांनी ही उणीव वेगळ्या रीतीने भरून काढली आहे : भांड्यावर नाव घालण्याची चाल. काठाखाली छिन्नीने ठिपक्याठिपक्यांनी कोरलेल्या एका ओळीत देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याशी नाते, गाव, प्रसंग आणि बरेचदा शकसुद्धा असतो. शके १८५० म्हणजे इ. स. १९२८–२९; ७८ मिळवले की काम झाले. ओळ जितकी वेडीवाकडी तितकी ती खरी असण्याचा संभव जास्त, कारण नवे भांडे जुने म्हणून विकणारा अक्षर सुबक काढतो. सराफ मोड घेताना हे नाव घासून टाकतो किंवा त्याकडे पाहतच नाही. संग्राहकाने मात्र भांडे उजेडात तिरके धरून आधी ती ओळ शोधावी. नावाचा तांब्या आणि बिननावाचा तांब्या यांचे वजन सारखे असले तरी पहिल्याचा ठावठिकाणा सांगता येतो.

देवाचे टाक हा याच चांदीचा सर्वांत मराठी प्रकार. पातळ पत्रा साच्यावर ठोकून उठवलेले खंडोबा, भवानी, वेताळ, वीर व पूर्वज. झिजलेले टाक नव्यात मुरवण्याची अथवा पाण्यात सोडण्याची रीत असल्याने फार जुने टाक कमी मिळतात, आणि मिळतात तेव्हा नाक–डोळे गंधाने व बोटांनी पार सपाट झालेले असतात. सपाट टाक कमी दर्जाचा मानू नये; ती पूजेची झीज आहे. विकत घेताना मात्र घरातला देव कोणी विकायला का काढला, हे विचारावे. बऱ्याचदा चोरीचा माल असाच येतो.

थळला लागून असलेल्या नवगावच्या किनाऱ्यावर आपले पूर्वज गलबत फुटून उतरले, अशी बेने इस्राएल या ज्यू समाजाची परंपरा आहे. तेल गाळणारे व शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले जाणारे हे लोक मराठी बोलत आणि आडनावाला गावाचे नाव लावत : नवगावकर, किहीमकर, चेऊलकर. शब्बाथचे चांदीचे पेले व तोरेच्या गुंडाळीवर बसवायचे घुंगरांचे तुरे हे त्यांच्या धर्मविधींचे चांदीकाम. १९४८ नंतर बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली आणि घरची चांदी त्यांच्याबरोबर गेली. थळ परिसरातील चांदीचा अभ्यास करणाऱ्याला म्हणूनच किहीम–नवगावइतकेच इस्राएलमधल्या मराठी घरांतही विचारावे लागेल.

स्मारक नाण्यांची गोष्ट सोपी आहे. स्वतंत्र भारताची पहिली स्मारक नाणी १९६४ मध्ये पंडित नेहरूंवर निघाली. १९६९ च्या गांधी जन्मशताब्दीचे दहा रुपयांचे नाणे १५ ग्रॅमचे, ८० टक्के चांदीचे होते. पुढे डॉ. आंबेडकर (१९९०), ज्ञानेश्वर व छत्रपती शिवाजी महाराज (१९९९), तुकाराम (२००२), लोकमान्य टिळक (२००७) अशी मराठी माणसाला जवळची नाणी आली. सालाखाली हिऱ्याची खूण म्हणजे मुंबईची टांकसाळ. टांकसाळ आगाऊ नोंदणी घेऊन विकते ते प्रूफ संच पेटीबंद असतात. ते बाजारात कधी फिरत नाहीत, म्हणून त्यांना इतिहास नसतो, फक्त किंमत असते. सुट्या पैशांत मिळालेले ज्ञानेश्वरांचे झिजलेले नाणे जपणारा शाळकरी मुलगा खऱ्या अर्थाने संग्राहक म्हणावा.

शोभेच्या वस्तूंत हंड्या–झुंबरे, बेल्जियन आरसे, चिनी मातीच्या बरण्या, पितळी समया, गलबतांवरचे कंदील, रविवर्मा छापखान्याची चित्रे, क्वचित बिदरी सुरई किंवा सावंतवाडीची लाखकामाची पेटी. वाडा उतरला की हा माल भंगारवाल्याकडून मुंबईला चोर बाजारात जातो. मांडवा–अलिबाग पट्ट्यात बंगले उठल्यापासून उलटा प्रवासही सुरू झाला आहे. थळची समई खाडी ओलांडून गेली आणि काही पट किमतीने रो-रो बोटीतून परत आली, तर नवल वाटायला नको. अशा वस्तू एकत्र ठेवल्या तर काय होऊ शकते ते पुण्यात दिसते. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी अडकित्ते, दिवे, दौती, करंडे अशा घरगुती गोष्टी आयुष्यभर जमवल्या, संग्रहालयाला दिवंगत मुलाचे ‘राजा’ हे नाव दिले आणि १९७५ मध्ये सारे शासनाच्या स्वाधीन केले. नाण्यांच्या अभ्यासासाठी नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्था (स्थापना १९८०) उपयोगी पडते.

खोटेपणा दोन जातींचा. ‘जर्मन सिल्व्हर’ हा तांबे, निकेल व जस्ताचा मिश्रधातू. त्यात चांदी नसते. विलायती मुलाम्याच्या भांड्यावर इंग्रजी चार अक्षरे असतात, त्यांना अनेकजण चांदीची मुद्रा समजतात. कसोटीचा दगड व तेजाब सोनाराकडे असतेच. घरी वस्तू पाण्यात बुडवून घनता काढली तर शुद्ध चांदीची १०.४९ च्या आसपास येते. दुसरी जात अधिक घातक. ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाचे, १८१८ साल घातलेले, रामदरबार किंवा हनुमान असलेले ‘नाणे’ तांदळाचे दाणे ओढते म्हणून लाखोंना विकले जाते. कंपनीने असे नाणे कधी पाडलेच नाही. उलट १७८० साल असलेला, ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसाचा चांदीचा डॉलर पाहून लगेच अठरावे शतक म्हणू नये. तो त्याच सालाने पुढे दीडशेहून अधिक वर्षे पाडला गेला आणि १९४० च्या सुमारास मुंबईच्या टांकसाळीतही.

खाऱ्या हवेत चांदी लवकर काळवंडते. रांगोळी, राख किंवा चिंचेने घासण्याची घरोघरची सवय चकाकी आणते, पण दरवेळी थोडे नक्षीकाम व थोडे नाव घेऊन जाते. नाणे तर कधीच घासू नये. लोकर, रबर व मऊ प्लॅस्टिकच्या पिशव्या टाळून धुतलेल्या मलमलीत गुंडाळावे. तांब्याच्या शिवराईवर मऊ हिरवी भुकटी दिसली तर ते नाणे वेगळे काढावे, कारण मिठाने लागलेली ती कीड आत वाढत जाते.

चांदीला भाव चढला की संग्रह घटतो, हे सार्वत्रिक आहे. चौदाव्या लुईने १६८९ मध्ये युद्धखर्चासाठी व्हर्सायमधले चांदीचे सामान वितळवले. १९८० च्या जानेवारीत भाव कडाडला तेव्हा इंग्लंड–अमेरिकेतली घराण्यांची भांडी मुशीत गेली. २०२५ मध्ये आपल्याकडे चांदी किलोला लाखाच्या पुष्कळ वर गेल्यावर सराफाच्या काट्यावर येणाऱ्या मोडीत नावाची भांडी असणारच. ती सराफाकडून मोडीच्या भावाने उचलणे हाच सध्या संग्राहकाचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

शेतात किंवा पाया खणताना दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडला तर १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. न कळवल्यास वाटा जातो आणि शिक्षाही होते. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली (अंमल १९७६ पासून) येते. मूर्ती, चित्रे व सचित्र पोथ्या यांची नोंदणी करावी लागते, जुन्या वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीला अशी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी स्थायिक झालेल्या लेकीला पणजीचे ताम्हण पाठवायचे असेल तर आधी त्यावरचा शक वाचावा.