अमेरिकेंतील बलदंड मोटारी



दरवर्षीं ऑगस्ट महिन्याच्या तिसऱ्या शनिवारीं अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरातून वायव्येकडे जाणारा वुडवर्ड अव्हेन्यू नांवाचा हमरस्ता जुन्या मोटारींनीं भरून जातो. दोन वर्षांपूर्वीं मुलीकडे राहण्याचा योग आला असतां मीं हा सोहळा पाहिला. रस्त्याच्या दुतर्फा घडीच्या खुर्च्या मांडून माणसें सकाळपासून बसलेलीं असतात, आणि समोरून पन्नास-साठ वर्षांपूर्वींच्या मोटारी पालखीच्या चालीनें जात असतात. १९९५ सालीं एका उपनगरांत फुटबॉलच्या मैदानासाठीं निधि जमविण्याकरितां हा उपक्रम निघाला. आज त्याला जत्रेचें स्वरूप आलें आहे. जन्मभर सायकलीवरून शाळेंत गेलेल्या मजसारख्याला मोटारीचें वेड लागण्याचें वय तें नव्हे. परंतु त्या रांगेंतील एका विशिष्ट जातीच्या गाड्यांनीं माझें लक्ष वेधलें, आणि त्यांची माहिती काढतां काढतां इतिहासशिक्षकाला आनंद व्हावा असा ऐवज हातीं लागला.

या गाड्यांना अमेरिकन लोक ‘मसल कार’ म्हणतात. मसल म्हणजे स्नायु. मध्यम आकाराच्या साध्या घरगुती गाडींत मोठ्या गाडीचें अवजड इंजिन बसवावयाचें, आणि ती तरुण नोकरदाराला परवडेल अशा किमतीस विकावयाची, हें या जातीचें लक्षण. हिच्यांत ऐषआराम नाहीं कीं नाजूकपणा नाहीं. हिचें सारें भूषण दंडाच्या बेटकुळीचें.

या वेडाचें मूळ १९३२ सालापर्यंत नेतां येतें. त्या वर्षीं फोर्ड कंपनीनें आठ सिलिंडरांचें, इंग्रजी व्ही अक्षराच्या घडणीचें इंजिन सामान्य माणसाच्या गाडींत बसविलें. पुढें जुन्या झालेल्या त्या गाड्या स्वस्तांत घेऊन, त्यांचीं मडगार्डें काढून, वजन कमी करून, कॅलिफोर्नियांतील तरुण त्यांना सुकलेल्या सरोवरांच्या तळावर पळवूं लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करांत यंत्रविद्या शिकून आलेल्या जवानांची त्यांत भर पडली. म्हणजे हौस आधीं जन्मली ती पोरांच्या गॅरेजांत. कारखानदारांना ती मागाहून कळली.

कारखानदारांना ती कशी कळली ही हकीकत मोठी रंजक आहे. १९५७ सालीं अमेरिकन मोटार कारखानदारांच्या संघानें शर्यतींपासून दूर राहण्याचा ठराव केला. तो कितपत पाळला गेला हा प्रश्न निराळा. जानेवारी १९६३ मध्यें मात्र जनरल मोटर्सच्या वरिष्ठांनीं आपल्या सर्व शाखांना शर्यतींतून अंग काढून घेण्यास बजावलें. पाँटिॲक या शाखेचें नांव शर्यतींवरच वाढलें होतें; तिचा प्राणवायूच तोडल्यासारखें झालें. तेव्हां मैदान बंद झालें तर बळ रस्त्यावर दाखवावें असा विचार तेथें सुरू झाला.

पाँटिॲकचे मुख्य अभियंते जॉन डीलोरियन यांनीं बिल कॉलिन्स व रस जी या सहकाऱ्यांसह टेम्पेस्ट नांवाच्या मध्यम गाडींत थोरल्या गाडीचें ३८९ घन इंचांचें इंजिन बसवून पाहिलें. या गाडीच्या नेहमींच्या इंजिनाची व त्या थोरल्या इंजिनाची बाहेरची ठेवण सारखीच असल्यामुळें तें बिनबोभाट बसलें. अडचण होती ती नियमाची. कंपनीचा दंडक असा कीं मध्यम गाडीला ३३० घन इंचांहून मोठें इंजिन असूं नये. पण हा दंडक गाडीच्या मूळ रूपापुरता होता. गिऱ्हाइकानें जादा पैसे देऊन मागितलेल्या साहित्याबद्दल त्यांत अवाक्षर नव्हतें. झालें! १९६४ च्या गाड्यांत तें इंजिन ‘जादा साहित्य’ म्हणून सुमारे २९६ डॉलरांस देऊं केलें गेलें, आणि त्या साहित्याला जी. टी. ओ. हें नांव दिलें. तेंहि इटलीच्या फेरारी कंपनीच्या एका शर्यतीच्या गाडीवरून उचललेलें. वर्गांत नियमाचा असा अर्थ लावणाऱ्या मुलाला मीं बाकावर उभें केलें असतें, आणि घरीं आल्यावर मनांतल्या मनांत त्याचें कौतुकहि केलें असतें.

पाँटिॲकचे प्रमुख पीट एस्टीस यांनीं ५,००० गाड्यांपुरती परवानगी दिली होती. पहिल्याच वर्षीं ३२,४५० गाड्या खपल्या. मग कोण थांबतो? त्याच एप्रिलमध्यें फोर्डची मस्टँग आली. ती अंगानें लहान, पण तिचें गिऱ्हाईक हेंच. १९६८ सालीं प्लिमथनें रोड रनर काढली. सुमारे २,९०० डॉलर किंमत, खालीं गालिचाऐवजीं रबर, आणि भोंगा मात्र व्यंगचित्रपटांतल्या त्या नांवाच्या पक्ष्यासारखा ओरडणारा. त्या पक्ष्याच्या नांवाकरितां वॉर्नर ब्रदर्सला ५०,००० डॉलर मोजले होते. १९७० ची शेव्हेल गाडी तर ४५४ घन इंचांच्या इंजिनासह ४५० अश्वशक्ति सांगत असे. पण घोडे वाढविले तरी लगाम जुनेच राहिले. पुष्कळ गाड्यांचे ब्रेक साध्या कुटुंबाच्या गाडीचेच, आणि वेगांतून दोन-चारदां दाबले कीं तापून ढिले पडणारे. त्याच वुडवर्ड रस्त्यावर रात्रीं एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत पैजा लागत, आणि कारखान्यांतले कांहीं अभियंतेहि त्यांत सामील असत. या प्रकाराचें कौतुक करणारे लेखक ब्रेकांची गोष्ट एका ओळींत उरकतात. मला तें पटत नाहीं. अठरा-वीस वर्षांच्या मुलाच्या हातीं काय देतों आहोंत हें विकणाऱ्यांना कळत होतें.

विमा कंपन्यांना तें प्रथम उमजलें. तरुणांच्या अशा गाड्यांचे हप्ते इतके चढले कीं गाडी परवडे, पण विमा परवडेना. १९७० सालीं हवाशुद्धीचा कडक कायदा झाला. १९७१ पासून जनरल मोटर्सनें शिशाविरहित पेट्रोल चालावें म्हणून इंजिनांतील दाब उतरविला. आणि ऑक्टोबर १९७३ मध्यें अरब राष्ट्रांनीं तेल रोखल्यावर पेट्रोलच्या पंपांवर रांगा लागल्या. १९७४ सालीं जी. टी. ओ. चें तें घराणें खंडित झालें. सगळा खेळ दहा वर्षांचा.

त्यानंतर या गाड्या कवडीमोल झाल्या. कोणी मोडींत घातल्या, कोणी परसांत गंजत ठेवल्या. पण ज्या पोरांना त्या काळीं त्या घेतां आल्या नाहींत, किंवा घेऊन लग्नानंतर विकाव्या लागल्या, तीं पोरें पन्नाशीला आलीं आणि त्यांच्या हातांत पैसा आला. किमती फिरल्या. १९७१ ची प्लिमथची हेमी इंजिनाची उघड्या टपाची बाराकुडा अवघ्या ११ निघाल्या होत्या. त्यांतली एक २०१४ सालीं लिलावांत ३५ लक्ष डॉलरांस गेली. मजुराच्या पोरासाठीं निर्माण झालेली जात अशी कोट्यधीशाच्या दिवाणखान्यांत जाऊन बसली. माझ्या मतें ही तिची विटंबना आहे. तिला जपतात ते दुसरेच लोक. ते शनिवार-रविवार हात काळे करून जुने कार्ब्युरेटर जुळवितात. त्या काळचें शिसेयुक्त पेट्रोल अमेरिकेंत १९९६ पासून रस्त्यावरील गाड्यांना बंद झालें, म्हणून ते इंजिनाच्या झडपांच्या बैठका पालटून घेतात. जड क्लच मारून आणि जड चाक फिरवून त्यांचे दंड दुखतात, पण गाडी ते चालवितात.

आतां खरी गंमत सांगतों. किंमत चढली तशा नकला निघाल्या. साध्या टेम्पेस्टला मोठें इंजिन व नांवाच्या पट्ट्या लावल्या कीं जी. टी. ओ. तयार! आणि १९६४-६५ च्या गाड्यांत ही लबाडी गाडीच्या क्रमांकावरून पकडतां येत नाहीं, कारण जी. टी. ओ. ही तेव्हां कागदोपत्रीं निराळी गाडी नव्हतीच, तें ‘जादा साहित्य’ होतें. वरिष्ठांच्या नजरेआड राहण्यासाठीं केलेली युक्ति साठ वर्षांनीं खऱ्या मालकांच्या मुळावर आली. खरेपणाचा पुरावा एकच, कारखान्याच्या जुन्या बिलांची नोंद.

वुडवर्डवर मला भेटलेल्या एका वृद्ध गृहस्थांची गाडी १९६४ ची होती. तरुणपणीं अशीच एक त्यांनीं घेतली होती. पहिलें मूल झालें तेव्हां विकली, आणि निवृत्तीनंतर ही शोधून आणली. “तीच आहे का?” असें मीं विचारलें. ते म्हणाले, “नाहीं, तिची बहीण.” मग पुढचा कप्पा उघडून त्यांनीं बिलाची प्रत बाहेर काढली. घड्यांवर तिला चिकटपट्टी लावलेली होती. चष्मा कपाळावर सारून त्यांनीं त्या २९६ डॉलरांच्या ओळीवर बोट ठेवलें व कागद माझ्या हातीं दिला. मीं तो वाचून होईपर्यंत ते गाडीच्या काचेवरची धूळ पुसत उभे होते.